त्याचा काजू, माझा हरभरा

लातुरातल्या मास्तराला स्वतःचं दुखणं लपवायचं असेल तर त्यानं सरळ नांदेडची बस धरावी. लातुरात डॉक्टराकडं जायची सोयच नाही. वेटिंग रूममध्ये कुणाचे ना कुणाचे पालक बसलेले असतात, कंपाउंडरची पोरगी आपल्याच बॅचला असते, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या ट्यूशन एरियात बोंब होते की फिजिक्सवाल्या सरांना काहीतरी झालंय. मग जूनमध्ये आपल्या हॉलमधली बाकं रिकामी, आणि समोरच्याच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही.

मला झालं होतं ते असं. उजव्या हाताला कसलीशी सुस्ती आली होती. फळ्यावर ओळ सुरू करताना अक्षर टपोरं असायचं आणि फळ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत बारीक बारीक होत जायचं. मागच्या रांगेतून पोरं म्हणायला लागली, "सर, दिसत नाही." माझ्या फळ्याचं नाव होतं हो! कंपासपेटी न घेता वर्तुळ काढायचो मी, आणि नवीन पोरं ते बघायला पुढं सरकायची. तो हात गेला तर माझ्याकडं राहतं काय? जूनची बॅच घ्यायची की क्लासला कुलूप लावायचं, एवढाच माझा प्रश्न होता, आणि तो मी बायकोशिवाय कुणाला सांगितला नव्हता.

नांदेडला माझी बहीण आहे. तिच्याकडं जातो म्हणून निघालो आणि बसस्टँडवरून थेट मेंदूच्या डॉक्टरांकडं गेलो. आत शिरलो तर कोपऱ्यात एक इसम चैत्राच्या उन्हात मफलर गुंडाळून बसलेला. मफलरच्या वर जे दोन डोळे होते ते मी अंधारातसुद्धा ओळखले असते. माझ्या समोरच्या हॉलचा मालक! लातुरात फिजिक्स शिकवणारा दुसरा. दुसरा मी म्हणतो. लोक त्याला पहिला म्हणतात. त्याच्या घरचं गंजगोलाईच्या बाजारात कापडाचं दुकान, म्हणून आम्ही त्याला कॉलेजात असल्यापासून शेट म्हणतो.

"तू काय करून राहिला इथं?" मी विचारलं.

"पाव्हण्याला घेऊन आलतो."

"कुठंय पाव्हणा?"

"बाहेर गेलाय. आन् तू?"

"मीबी पाव्हण्यालाच आणलंय."

दोघंही दाराकडं बघत बसलो. थोड्या वेळानं कंपाउंडर दारात येऊन ओरडला, "लातूरचे दोन्ही सर, आत या!" अख्खी वेटिंग रूम आमच्याकडं बघायला लागली. शेटचा चेहरा हलला नाही. मला वाटलं, काय निबर माणूस आहे! खरं म्हणजे त्याचा चेहरा आता कशानंच हलत नव्हता. ते मला नंतर कळलं.

ह्या माणसावर माझा राग कधीचा, ते सांगितलं पाहिजे. भूकंपाच्या वर्षापासूनचा.

आम्ही एकाच कॉलेजात, एकाच वर्षी, एकाच विषयाला लागलो होतो. सकाळी कॉलेज, संध्याकाळी माझ्या भाड्याच्या खोलीत मी पोरं शिकवायचो. त्याच्याकडं तेव्हा एकही पोरगं नव्हतं, हे लक्षात ठेवा. मग भूकंप झाला. किल्लारीकडची गावंच्या गावं दगडमातीखाली गेली, आमच्या वर्गातल्या काही पोरांची घरं त्यात होती. मी उमरीला आईवडिलांकडं धावलो. उमरीला काही झालं नव्हतं, पण आई सोडेना. "लातूरचं नाव काढू नको," म्हणाली. तिची समजूत काढून मी परत आलो तेव्हा सारं लातूर मैदानात राहत होतं. छताखाली जायला कुणी तयार नव्हतं. आणि मैदानाच्या एका कडेला, लिंबाच्या झाडापर्यंत रांगा लावून, माझी पोरं बसली होती. माझी! समोर शेट. त्यानं दुकानाच्या मागचं दार बिजागरीतून काढून आणलं होतं, त्याला काळा रंग फासला होता, आणि त्या दारावर तो न्यूटनचा तिसरा नियम लिहीत होता.

मला बघून तो हसला. "आला का? घे बाबा, सांभाळ तुझी पोरं," म्हणून त्यानं खडू पुढं केला.

मी खडू घेतला. तेवढ्यात पहिल्या रांगेतली हदगावची एक पोरगी, माझ्याकडं वर्षभर बसलेली, म्हणाली, "सर, आमचं इथं चांगलं चाललंय. ह्याच सरांना पुरं करू द्या."

बाकीची पोरं माना खाली घालून बसली. एकानंही तिला गप्प केलं नाही. मी खडू परत दिला. घाबरलेल्या पोरांना त्यानं उघड्यावर अभ्यासाला लावलं, त्यांच्या मनातलं भय थोडं तरी हटवलं, हे चांगलंच केलं. मला मान्य आहे. पण ते माझ्या पोरांवर का?

पुढं लातूरची हवाच पालटली. कुठून कुठून पोरं यायला लागली, उमरीहून, हिमायतनगरहून, थेट विदर्भातून. घराघरात वरचा मजला चढला आणि त्याचं होस्टेल झालं. आम्ही दोघांनीही नोकरी सोडली आणि एकाच गल्लीत समोरासमोर क्लास काढले. त्याच्या हॉलला एसी, माझ्याकडं कूलर. त्याच्या फ्लेक्सवर डॉक्टर झालेल्या पोरांच्या तोंडांची गर्दी, आणि त्यातली निम्मी तोंडं भूकंपाच्या मैदानातली, म्हणजे मूळची माझी. ते काळं दार त्यानं हॉलच्या भिंतीला लावून ठेवलं होतं. दर नव्या बॅचला पहिल्या दिवशी तो त्या दाराची गोष्ट सांगायचा. गोष्टीत मी कुठंच नसायचो. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण बोलणार कुणाजवळ?

एका बाबतीत मात्र मी त्याच्या वरचढ होतो. मी भूकंपाला भ्यालो नाही. भूकंपानंतर सगळ्या लातूरला कितीतरी दिवस बसल्या जागी जमीन हलल्यासारखी वाटायची. भांडं वाजलं की लोक बाहेर. हळूहळू सगळ्यांचं ते गेलं, शेटचं गेलं नाही. त्याला गरगरायचं. कुणा डॉक्टरानं गरगरण्यावर एक गोळी दिली, आणि ती त्यानं धरली ती धरलीच. मेडिकलवाला त्याला बघितलं की न विचारता पट्टी पुढं करायचा. खडूच्या खिशातच ती पट्टी असायची. वर्गावर जाण्याआधी एक, झोपताना एक. आम्ही तिला भूकंपाची गोळी म्हणायचो आणि मी ते चारचौघांत मोठ्यानं म्हणायचो. "शेट, घेतली का भूकंपाची गोळी? बघ बाबा, स्लॅब पडंल!" तेवढंच माझं सुख.

तर नांदेडच्या डॉक्टरांनी आम्हाला दोघांनाही तपासलं. अंगठा आणि पहिलं बोट जोरजोरात आपटायला लावलं, मूठ उघडझाप करायला, टाच आपटायला, चालून वळायला, कागदावर गोगलगाईच्या पाठीसारखं गोल गोल काढायला. मग म्हणाले, "खात्रीनं सांगता येत नाही. कंपवात असेल, नसेलही. वरून सारखे दिसणारे आजार आत वेगवेगळे असतात, आणि त्यांची औषधं वेगळी. साध्या एमआरआयमध्ये हे दिसत नाही. हैदराबादला एक स्कॅन होतो, मेंदूतल्या, हालचाली चालवणारं डोपामिन बनवणाऱ्या पेशींची टोकं किती शाबूत आहेत ते दाखवणारा. तो करून या."

"हैदराबादला?" शेट म्हणाला. "तिथं तर आपलीच पोरगी हाय. ती हदगावची. हेच स्कॅन वाचती ती."

आपली म्हणे! माझी होती, तू नेली. पण डॉक्टरांसमोर काय भांडायचं.

लातूरला आलो आणि मी तयारीला लागलो. कसल्या तयारीला? परीक्षेच्या. प्रश्नपत्रिका हाती आली होती: बोटं, मूठ, टाच, चालणं, वळणं, गोल. जन्मभर पोरांकडून एकच गोष्ट करून घेतली, मागचा पेपर पुन्हा पुन्हा सोडवा, हात बसला पाहिजे. मग मी स्वतः का नको? दार लावून घेतलं आणि सुरू झालो. सकाळ-दुपार-संध्याकाळ बोटं आपटली. कितव्या ठोक्याला हात अडखळतो ते हेरलं आणि तिथं जोर लावला. आरशासमोर वळून बघितलं. कागदाच्या रिमाच्या रिमा गोल काढून संपवल्या.

बायको दारात उभी. "अहो, बोटांच्या चिमटीत काय चिमण्या धरून राहिलात?"

"परीक्षा हाय."

"परीक्षा तुमची हाय का रोगाची?"

"तुला न्हाई कळायचं ते. मला शेटच्या पुढं जायचंय."

"आजारपणातबी?" ती म्हणाली आणि कपाळाला हात लावून आत गेली.

हैदराबादला शेटच्या गाडीतून गेलो. गाडी मोठी, ड्रायव्हरवाली. उदगीर सोडून बीदरला पोचेपर्यंत मी त्या गाडीच्या सीटांवर मनातल्या मनात जळत होतो. शेट खिडकीतून बाहेर बघत होता. त्याचं बोलणं एकसुरी झालं होतं, हसत तर नव्हताच. बीदरला चहा प्यायला उतरलो तेव्हा त्याची बशी इतकी हलली की चहा मनगटावर सांडला. दोन्ही हात थरथरत होते त्याचे. माझा एकच. मी मनात म्हटलं, इथं तरी मी पुढं आहे.

ती पोरगी आता चाळिशीची बाई झाली होती, केसांत पांढरं आलेलं. आम्हाला बघून खुर्चीतून उठली आणि पाया पडली. आधी त्याच्या, मग माझ्या. मी हे विसरलो नाही.

मग तिनं तपासलं. काय सांगू, माझा पेपर असा गेला की बास! बोटं टकाटक. मूठ लख्ख. वळलो तर एका झटक्यात. गोल तर असा काढला की ती म्हणाली, "वा सर, हात अजून तसाच आहे तुमचा!" शेटचं मात्र सारंच अडलं. बोटं आपटता आपटता थांबली, वळताना बारीक बारीक पावलं टाकत राहिला. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटं कशाला बोलू?

मग इंजेक्शन, मग बराच वेळ बसवून ठेवलं, मग एकेकाला मशीनखाली झोपवून डोकं पट्ट्यानं धरलं आणि दोन मोठे कॅमेरे डोक्याभोवती सावकाश फिरले. शेटनं गळ्यातलं चांदीच्या डबीतलं इष्टलिंग मुठीत धरून ठेवलं होतं. हलायचं नाही, एवढंच काम. आम्हा दोघांनाही तेच तर जमत नव्हतं.

संध्याकाळी तिनं आम्हाला तिच्या स्क्रीनसमोर बसवलं. काळ्यावर रंगीत ठिपके. "सर, निरोगी माणसाच्या मेंदूत हे असे दोन दिसतात," ती एक तिसराच फोटो दाखवत म्हणाली. दोन काजू समोरासमोर ठेवावेत तसे ते होते. "खऱ्या कंपवातात काजूचं शेपूट आधी जातं. मग उरतो गोल दाणा."

"हरभरा," मी म्हणालो.

"हो, हरभरा म्हणा. पण सगळ्यांचं इतकं स्पष्ट नसतं. काहींचं काजूही नसतं आणि हरभराही नसतो. वाचणाऱ्याची कसोटी तिथंच लागते." मग तिनं माझा फोटो लावला. "तुमचं असं सीमेवरचं आहे, सर. डावीकडचं शेपूट जरा फिकट वाटतं. पण तपासणी इतकी सुरेख झाली तुमची की मी हे ठीकच धरीन." मग शेटचा लावला आणि तो पुढंमागं करून बघितला. "सरांचं मात्र आजाराकडं झुकतंय. तपासणीशी जुळतंही. तरी मान कललेली होती मशीनमध्ये, त्यानंही आकार फसवा दिसतो. मी सरांचं उद्या पुन्हा वाचते, डोकं कॉम्प्युटरवर सरळ करून."

आता मी काय करायला पाहिजे होतं? उठून पेढे आणायला पाहिजे होते. मी पास, तो नापास! पण माझ्या कानात एकच वाक्य शिरलं होतं: सरांचं उद्या पुन्हा वाचते.

"म्हणजे त्याचा पेपर दोनदा तपासायचा आन् माझा एकदाच?" मी म्हणालो.

"सर, तुमचं ठीक आहे म्हणून—"

"ठीक का असंना! त्याचं जे करशील ते माझंबी व्हायला पाहिजे. मैदानातबी तू असंच केलं होतंस."

शेट म्हणाला, "मास्तर, तू पास झालायस. गप बस की मुकाट्यानं."

"न्हाई बसणार! आन् तू वाचायचंच न्हाई. तू आमचं चालणं बघितलंयस, पाया पडलीयस. बोर्डाचे पेपर कसे तपासतात? नाव झाकतात, कोड नंबर टाकतात. पहिल्यानं किती मार्क दिले ते दुसऱ्याला दाखवत न्हाईत. कॉलेजात होतो तेव्हा मी मॉडरेशनला, फेरतपासणीला बसलोय. नाव झाकून दे दुसऱ्याकडं!"

मला वाटलं ती चिडेल. ती स्क्रीनकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, बरोबर आहे तुमचं. मी तपासणी बघून मग स्कॅन बघितला. जे डोक्यात होतं तेच डोळ्यांना दिसलं असेल. असं व्हायला नको होतं." तिनं ठरवलं की दोन्ही स्कॅन तिच्या दोन सहकाऱ्यांना द्यायचे, नाव नाही, तपासणी नाही, फक्त वय. डोकं सरळ करून. शिवाय त्याच वयाच्या धडधाकट माणसांच्या स्कॅनशी कॉम्प्युटरनं मोजून जुळवायचे. दोघांचं पटलं नाही तर तिसरा.

मी विजयी मुद्रेनं शेटकडं बघितलं. लॉजवर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "तू लई हावरट हायस, मास्तर. दुसऱ्याला मार मिळाला तरी तू म्हणशील, मलाबी पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं बोलावलं. ती उभीच होती. बसा म्हणाली, आणि ह्या वेळी आधी माझ्याकडं बघितलं.

तिच्या दोन्ही सहकाऱ्यांचं एकमत झालं होतं, तिसऱ्याची गरज पडली नव्हती. शेटचे दोन्ही काजू शाबूत होते. कललेल्या मानेनं आदल्या दिवशी फसवलं होतं. माझ्या डावीकडचा, म्हणजे उजवा हात चालवणारा, काजू शेपटीकडून गेला होता, उजवीकडच्याची सुरुवात होती. मोजमापातही तेच आलं.

"म्हणजे मला हाय," मी म्हणालो.

"हो सर."

"आन् त्याला न्हाई."

"त्यांना हा आजार नाही."

मी शेटकडं बघितलं. थरथर त्याची, अडखळ त्याची, चहा त्यानं सांडलेला, आणि आजार मला! लातूरचा एसी त्याला, गाडी त्याला, माझी पोरं त्याला, आणि आता धड मेंदूपण त्यालाच? मला रडू आलं नाही. मला राग आला. असा राग की खुर्ची उचलून त्या स्क्रीनवर घालावी.

ती माझ्याजवळ येऊन बसली. "सर, एक विचारू? तुम्ही घरी सराव करून आला होतात का?"

मी स्क्रीनकडं बघायला लागलो. शेटच बोलला. "असंल की! लातूरचा मास्तर हाय. मागचा पेपर सोडवल्याबिगर कुठं जाईल व्हय?"

तिचे डोळे भरले आणि हसूही आलं. "आमच्याकडून तुम्हीच करून घ्यायचात, सर." मग ती शेटकडं वळली. "पण मला कळत नाही, सर. स्कॅन चांगला आणि अंग असं का? तुम्ही गोळ्या कोणत्या घेता?"

"बीपीची. बाकी कायबी न्हाई."

"नीट आठवा. काहीच नाही?"

"न्हाई म्हणलं की."

आणि मी, माझ्या ह्या तोंडानं, नुसतं त्याला टोचायला, म्हणालो, "आन् भूकंपाची गोळी? ती कोण खातंय, मी? भूकंप होऊन जग पालटलं, ह्याचं गरगरणं काय जाईना. भित्रं कुठलं!"

ती ताठ झाली. "कसली गोळी?"

"ती व्हय? ती काय औषध हाय का?" शेट म्हणाला. "ती तर चहासारखी हाय. कधीची घेतोय." त्यानं खिशातून पट्टी काढली. खडूची भुकटी लागलेली होती तिच्यावर.

तिनं नाव वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. सांगितलं ते असं: गरगरण्यावरच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर त्या मेंदूत डोपामिनचं काम अडवतात. पेशी शाबूत, पण त्यांचं म्हणणं पुढं पोचू देत नाहीत. माणूस हुबेहूब कंपवातासारखा दिसायला लागतो. गोळी बंद केली की बहुतेकांचं काही महिन्यांत सुटतं. "सर," ती मला म्हणाली, "तुम्ही बोलला नसता तर हे कदाचित सुटून गेलं असतं माझ्याकडून."

घ्या! करायला गेलो एक आणि झालं भलतंच. त्याचा स्कॅन नीट वाचला गेला तो माझ्या हट्टामुळं, आणि त्याचं औषध सापडलं ते माझ्या टोमण्यामुळं. मी भ्यालो नाही, गोळी खाल्ली नाही, ताठ मानेनं राहिलो, त्याचं फळ हे. आणि हा भिऊन गोळ्या खात बसला, ह्याचं दुखणं नुसती पट्टी कचऱ्यात टाकून जाणार. परतीच्या वाटेवर शेटनं माझा हात धरला. त्याचा हात थरथरत होता. मी झटकून टाकला.

पुढचे महिने मी त्याला समोरच्या हॉलमधून बघत होतो. आधी त्याचा चेहरा सुटला. एक दिवस तो पायऱ्यांवर उभा राहून कुणाशी तरी बोलताना खदखदून हसला आणि मला माझ्या हॉलमध्ये ऐकू आलं. मग चालणं सुटलं. मग हात. जूनमध्ये त्याची बॅच भरली. मी अजून काही ठरवलं नव्हतं. माझ्या गोळ्या सुरू झाल्या होत्या आणि फायदाही होत होता. ती हदगावची फोन करायची. तिचं सांगणं होतं, "लवकर कळलं ते चांगलं झालं, सर. मोठं चाला, मोठं लिहा. मुद्दाम, मनात धरून मोठं. आपोआप होऊ दिलं की लहान होणार." पण मी बायकोला सांगून ठेवलं होतं, शेवटच्या रांगेला माझं अक्षर दिसलं तरच नवी बॅच घेईन. नाहीतर कुलूप.

बायकोच्या पोटात काही राहतंय होय? एका रविवारी सकाळी शेट टेम्पो घेऊन दारात. टेम्पोत ते काळं दार.

"चल मैदानावर."

"मी न्हाई येत."

"चल म्हणतो ना! तुझी परीक्षा घ्यायचीय. परीक्षा म्हणलं की तू येणारच."

मैदानावर आता कडेनं चालायचा रस्ता झालाय, म्हातारे फेऱ्या मारतात. लिंबाचं झाड आहे तिथंच आहे. शेटनं दार कट्ट्याला टेकवून उभं केलं, माझ्या हातात खडू दिला, आणि लांब लांब पावलं टाकत झाडापाशी गेला. तिथंच आमची शेवटची रांग असायची. म्हणजे त्याची. त्याची ती सपासप पावलं मी मोजली.

"लिही!" तो तिथून ओरडला.

मी तिसरा नियम लिहायला घेतला. सुरुवात बरी झाली. मग हात आपल्या चालीवर गेला. ओळ संपेपर्यंत अक्षर इतकं बारीक झालं होतं की मला, फळ्याला नाक लावून उभ्या असलेल्या मला, ते नीट वाचता येईना. फेऱ्या मारणारे दोन म्हातारे थांबून बघत होते.

मी वळलो. "दिसतंय का?"

"दिसतंय की!" शेट ओरडला. "स्पष्ट दिसतंय. घे बॅच."

मी फळ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. जन्मात मी कुणाला ग्रेस मार्क दिले नाहीत आणि कुणाकडून घेतले नाहीत. शर्टाच्या बाहीनं सारं पुसून टाकलं. मग खांद्यापासून हात उचलला आणि एकेक अक्षर मनात मोठ्यानं म्हणत लिहिलं. नियम पुरा झालाच नाही. दोन शब्दांतच दार भरलं. घाम आला मला.

"आता?"

 तो डोळ्यांवर आडवा हात धरून बघत राहिला. मग म्हणाला, "आता खरंच दिसतंय, मास्तर."

आता खरंच! म्हणजे मघाशी खोटं बोलला होता, लबाड. मी त्याच्या जागी असतो आणि तो माझ्या, तर पहिल्याच वेळी "न्हाई दिसत!" असा ओरडलो असतो की साऱ्या मैदानाला ऐकू गेलं असतं. त्याच्या तोंडून ते निघालं नाही. मला त्याचा खरा हेवा वाटतो तो ह्याचा. हाताचा नाही.

हाताचाबी वाटतोच.